पर्लीचं रडणं

सोमवार, १२ फेब्रुवारी १९३४

काम मिळालं. आणि या वेळी नुसतं ताट धरून उभं राहायचं काम नाही.

मिस्टर हॅडली स्वतः भेटले. दिग्दर्शक, आणि मला बसायला खुर्ची दिली. साठाव्या पानावरचा प्रसंग वाचा म्हणाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातली गोष्ट आहे. मोठ्या हवेलीत पर्ली नावाची स्वयंपाकीण, म्हणजे मी. तिचा एकुलता एक मुलगा जेब धाकट्या मालकाबरोबर लढाईवर जातो आणि मालक एकटाच परत येतो. स्वयंपाकघरात येऊन तो पर्लीला बातमी सांगतो. मग पर्लीचं दीड पान. दीड पान! लॉस एंजेलिसला आल्यापासून पडद्यावर मी 'हो बाईसाहेब', 'आले बाईसाहेब' आणि एकदा 'पाऊस येणार वाटतं, बाईसाहेब' एवढंच बोलले आहे. शिकागोच्या रंगभूमीवर राण्या केल्या मी. नवऱ्याला विष देणाऱ्या, सिंहासनावरून खाली ओढल्या गेलेल्या. बोलपट आले, आमचं थिएटर बंद पडलं, आणि राणीचा मुकुट उतरवून मी एप्रन बांधला.

वाचून झाल्यावर मिस्टर हॅडलींनी पानं मिटली. मग म्हणाले, "मावशी, तुम्ही या सिनेमाचं काळीज आहात." मी त्यांच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी तरी लहान असेन, पण असू दे.

घरी आल्याबरोबर ताईला सांगितलं. ओझेलाताई घेवडा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे परत मोलकरीणच."

"हो, पण हिला मुलगा आहे. हिच्या मनाचं कुणीतरी काहीतरी लिहिलंय."

"आणि मुलाचं काय होतं?"

"लढाईत जातो बिचारा. तोच तर प्रसंग आहे, ताई!"

ताई उठली आणि चुलीवरचं करपतंय का बघायला गेली. चूल अजून पेटवलेलीच नव्हती. वय झालंय तिचं, विसरते हल्ली.

रविवार, १८ फेब्रुवारी

चर्चमध्ये बातमी माझ्या आधीच पोचलेली. दारातच बर्डी मेह्यूने गाठलं. महिला मंडळाची अध्यक्ष आणि हॅट कायम छतापर्यंत. "काय गं क्लिओरा, या वेळी ताट कुठल्या हातात?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले. नाहीतर काय करणार? दर सिनेमानंतर हेच चालतं. आमच्या काळ्यांच्या वर्तमानपत्रात कुणीतरी लिहितं, की या बायका पडद्यावर डोळे फिरवून आपल्या सगळ्या जातीचं हसं करतात. लिहिणाऱ्याचं बरोबर आहे. पण तो मला पर्याय काय आहे ते लिहीत नाही.

आज मात्र मी बोलले. म्हटलं, "बर्डी, या वेळी हात रिकामे आहेत. या वेळी तू रुमाल घेऊन ये."

मग उपासनेनंतर रेव्हरंड गेन्सनी सर्वांसमोर जाहीर करून टाकलं, की सिनेमा आपल्या वस्तीतल्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर लागला की सगळं चर्च मिळून जायचं. टाळ्या पडल्या. किती दिवसांनी मी टाळ्या ऐकल्या! ताईने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती हातमोजे शोधत होती.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

कपडेपटात गेले. माझ्या पोटाला आणि छातीला कापसाच्या उशा बांधल्या. मी म्हटलं, "मी बारीक आहे का?" तर ती पोरगी टाचण्या तोंडात धरून म्हणाली, "तुम्ही बारीक नाही, पण प्रेमळ दिसायला आणखी जाड लागतं." मग तोंडाला रंग. माझाच रंग, आणखी दोन हात गडद. काळीला काळी करायला वेगळा माणूस आणि वेगळा डबा!

नंतर मिस्टर पेल. हे भाषा शिकवतात. ओहायोचे, गोरे, चष्मेवाले. मी पहिलं वाक्य म्हटलं, "माझा जेब दिसत नाही, धाकटे मालक?" ते लगेच म्हणाले, "छे छे, फारच शुद्ध. तुम्ही लोक असं बोलत नाही. म्हणा, 'म्हाजा जेब कुटं हाय वो मालक?'"

मी म्हटलं, "साहेब, माझी आजी गुलामीत जन्मली. ती असं बोलत नव्हती."

ते अगदी गोड हसले. "असेल. पण प्रेक्षकांना तुमच्या आजीचा आवाज माहीत नाही ना."

शिकले. दुपारपर्यंत ओहायोच्या माणसाकडून मी माझ्या आजीची भाषा शिकले. मिस्टर हॅडली मध्येच डोकावून म्हणाले, "मनावर घेऊ नका, साठाव्या पानावर पोचलो की मी सगळं तुमच्यावर सोडणार आहे." एवढ्यावर मी सगळं गिळलं. भला माणूस आहे.

सोमवार, ५ मार्च

रडणं सापडत नाही.

रंगभूमीवरचं रडणं मला येतं. छातीवर हात, मान मागे, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. पण कॅमेरा इतका जवळ असतो की अश्रू पुसायच्या आधीच खोटं पकडलं जातं. चार दिवस आरशासमोर बसले. राणीच रडत होती, पर्ली रडत नव्हती.

आज सकाळी भांडी घासताना एकदम टेक्सास आठवलं. मी तेव्हा नाटक कंपनीबरोबर दौऱ्यावर होते आणि ताईकडे दोन दिवस उतरले होते. ल्यूशसला उखडून काढलेल्या एका दारावर घालून घरी आणलं होतं. ताईचा मुलगा, एकोणीस वर्षांचा. गावातल्या गोऱ्यांनी काय केलं आणि कशावरून, ते इथे लिहिण्याची माझ्यात ताकद नाही. गोऱ्यांना वाट द्यायला फुटपाथवरून खाली उतरला नाही म्हणे. चौघांनी दार अंगणात टेकवलं आणि ताई बाहेर आली. तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज आला तो रडण्याचा नव्हता. हातातून दोर सुटावा आणि बादली विहिरीत जात राहावी, तसा तो खाली खाली गेला. आणि मध्येच तुटला. शेवटच नव्हता त्याला.

मी भांडी तशीच टाकली आणि करून बघितला. पहिल्यांदा जमला नाही. वरून सुरू केला होता, म्हणून. तो पोटाच्या खालून सुरू होतो आणि तोंड उघडायच्या आधीच निम्मा होऊन गेलेला असतो. पाच-सहा वेळा केला. मग आला. हुबेहूब आला! माझ्याच अंगावर काटा उभा राहिला.

वळून बघितलं तर ताई दारात. तिने कपाटातल्या धुतलेल्या चादरी काढल्या आणि परसात नेऊन पुन्हा धुवायला घेतल्या. गोंगाट तिला पहिल्यापासून खपत नाही. उद्यापासून न्हाणीघराचं दार लावून करेन.

बुधवार, १४ मार्च

झालं. एका दमात झालं.

स्वयंपाकघराचा सेट, खिडकीतून खोटं ऊन. धाकट्या मालकाचं काम करणारा मुलगा आत आला, टोपी काढली आणि म्हणाला, "पर्ली, जेब आता येणार नाही." मी त्याच्याकडे बघितलं. मग मी तो आवाज सोडला.

"कट" म्हणायला मिस्टर हॅडली विसरले. वरती दिवे सांभाळणारा एक मोठा लाल तोंडाचा माणूस आहे, रोज मला 'ए मावशी, बाजूला' म्हणणारा. तो शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. मिस कॉर्डेल, आमची नायिका, स्वतः माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तू माझा सिनेमा चोरणार आहेस हं!" आणि हसली. तिचं हसणं थोडं लवकर संपलं, पण दिवसभर उभी होती बिचारी, दमली असेल.

जेवणानंतर थोडं किरकोळ काम उरलं होतं. भट्टीतून करपलेला केक काढायचा, त्याच्याकडे बघायचं, तो हातातून पाडायचा. मग जमिनीवरच्या केककडे बघून दोन्ही हात डोक्याला लावायचे. मी विचारलं, "मुलगा गेल्याच्या प्रसंगात केक कशाला, साहेब?"

"सिनेमा जोडताना लागतं, मावशी. बातमी येते तेव्हा माणसाच्या हातात काहीतरी असतंच ना?"

खरं आहे. ताईच्या हातात त्या दिवशी कंगवा होता. मला पटलं. केक पाडण्याचे मात्र त्यांनी पुष्कळ शॉट घेतले, मुलाच्या बातमीपेक्षा जास्त. माणूस बारकाव्याचा आहे.

सोमवार, २ एप्रिल

आज जेवताना ताईला सगळं सांगितलं. तो लाल तोंडाचा माणूस रडला तेही सांगितलं. वाटलं होतं, खूश होईल.

तिने विचारलं, "कसं रडलीस?"

"जसं आठवलं तसं."

"काय आठवलं?"

"अगं, नट म्हणजे काय, इकडचं थोडं, तिकडचं थोडं. सगळ्यांचंच घेतो आम्ही."

तिने भाताचं पातेलं पुढे ओढलं. मग म्हणाली, "आणखी भात वाढू?"

शुक्रवार, २५ मे

काल सिनेमा पाहिला. कंपनीने शहराबाहेरच्या एका थिएटरात लोकांना आधीच दाखवून बघितला. मला काळ्यांसाठीच्या वरच्या सज्जातल्या बाकावर जागा दिली, मागच्या जिन्याने. माझ्याच सिनेमाला मी मागच्या जिन्याने गेले, पण तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही.

क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मला वाटेल की मी चुकीचं पाहिलं.

जेब नाहीच. धाकटा मालक लढाईवर जातो तेव्हा त्याच्याबरोबर कुणीच नाही. पहिला अर्धा तास मी वाट बघत होते, आता येईल, आता येईल. मग मिस कॉर्डेलच्या लग्नाचा दिवस येतो. पर्ली स्वयंपाकघरात गुणगुणत केक भाजते आहे. खिडकीतून शिपायांकडे बघत बसते, धूर येतो, ती धावते, केक काढते. कोळसा. केक हातातून पडतो. आणि माझं तोंड येतं, भिंतीएवढं मोठं. आणि तो आवाज.

माझ्या ताईचा आवाज. करपलेल्या केकसाठी.

त्या आवाजाखाली पार्श्वसंगीतातलं कुठलंसं वाद्य म्हशीसारखं रेकत होतं आणि सगळं थिएटर हसत होतं. हसता हसता एक माणूस शेजाऱ्याच्या मांडीवर थापा मारत होता. माझा आवाज जिथे तुटतो ना, नेमका तिथे ते आणखी मोठ्याने हसले. तोंड उघडं आणि आवाज नाही, हे त्यांना फार गमतीचं वाटलं. मग मिस कॉर्डेल येते आणि म्हणते, "अगं वेडे, दुसरा कर की!" आणि मी डोळे पुसून म्हणते, "हो बाईसाहेब." ते 'हो बाईसाहेब' मी मार्चमध्ये म्हटलं होतं. भलत्याच प्रसंगात. चहा आणायला सांगितल्यावर.

कापून जोडलं. इतकं सफाईने, की माझीच मला खात्री वाटेना, मी कशासाठी रडले होते.

बाहेर पडताना जिन्याखाली एका गोऱ्या बाईने मला ओळखलं. माझा दंड दाबून म्हणाली, "पोट दुखलं गं हसून!"

सोमवार, २८ मे

मिस्टर हॅडलींना भेटायला गेले. आज खुर्ची दिली नाही, पण दार लावून घेतलं, म्हणजे मनात काहीतरी टोचत असावं.

"मावशी, देवाशप्पथ, मी भांडलो. पण दक्षिणेतले थिएटरवाले सरळ म्हणाले, आमच्या लोकांना काळ्या बाईबरोबर रडायला लावणारा सिनेमा आम्ही लावणार नाही. हसायला चालेल म्हणाले."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"केक पाडायला लावलात तेव्हा ठाऊक होतं?"

"खबरदारी म्हणून घ्यावं लागतं. सगळेच घेतात."

मी म्हटलं, "साहेब, माझा मुलगा कुठे गेला?"

ते दचकले. "तुम्हाला मुलगा आहे?"

"पर्लीला होता."

"अच्छा, तो! तो आता सिनेमात नाहीच. म्हणजे बघा ना, तो मेलाच नाही. एका अर्थी बरंच झालं की!"

आणि तो माणूस मनापासून बोलत होता. माझं समाधान करत होता. नंतर मेजावरचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. प्रेक्षकांनी थिएटरात लिहून दिलेली मतं. मिस कॉर्डेलपेक्षा जाड स्वयंपाकीण जास्त जणांना आवडली म्हणे. "कंपनीला तुमच्याशी करार करायचा आहे. वर्षभर काम. लोकांना तुमचं ते रडणं परत परत ऐकायचं आहे."

विचार करते म्हणाले. तोंडावर नाही म्हणायला हवं होतं. भाडं आठवलं, ताई आठवली, आणि विचार करते म्हणाले.

रविवार, १७ जून

रेव्हरंड गेन्सना बाजूला घेऊन सांगितलं, सगळ्या चर्चने नका जाऊ. त्यांना वाटलं मी विनय करते आहे. "क्लिओराबाई, एवढा संकोच बरा नव्हे! आपल्या मुलीचं नाव पडद्यावर बघायला म्हातारीकोतारी निघाली आहेत." बर्डी मेह्यूने खरोखर नवा रुमाल घेतला आहे, लेस लावलेला. मला दाखवला. त्यात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

त्यांना खरं का सांगत नाही मी? तोंड उघडलं की ताईचं सांगावं लागेल, म्हणून.

गुरुवार, ३० ऑगस्ट

पुढच्या आठवड्यात लागतोय. ताईला म्हटलं, "तू येऊ नकोस. डोकं दुखतं तुझं थिएटरात."

"कधी दुखलं?"

"ताई, तुला आवडणार नाही."

"सगळ्या गल्लीला सांगितलंस तू. आता मी घरी बसले तर लोक काय म्हणतील? सख्ख्या बहिणीला कौतुक नाही." मग म्हणाली, "आणि मला ऐकायचंच आहे."

बघायचं आहे म्हणाली नाही. ऐकायचं आहे म्हणाली. हे शब्द मला दिवसभर सोडेनात. चादरी आठवल्या. न पेटवलेली चूल आठवली. मी मूर्ख आहे. ठार मूर्ख आहे मी.

रविवार, ९ सप्टेंबर

काल दुपारचा खेळ. चर्चने दोन अख्ख्या रांगा घेतल्या होत्या. पडद्यावर सगळ्यात शेवटी माझं नाव आलं, तेही 'क्लिओ टिब्ज'. शेवटचं अक्षर कापलं. तरी टाळ्यांनी छत दणाणलं. ताई माझ्या डावीकडे, तिच्यापलीकडे बर्डी, मांडीवर रुमाल उलगडून.

केक पडला. आवाज आला.

आमची माणसं हसली. सगळी नाहीत, पण हसली. मी त्यांना दोष देत नाही. तो प्रसंग हसू येईल असाच कापला होता. हसायचं नाही हे ठरवायला वेळ लागतो, आणि हसू आधी येतं. लहान मुलं तर उड्याच मारायला लागली. बर्डीही हसली, खांदे हलेपर्यंत.

ताई हलली नाही. आवाज जिथे तुटतो तिथे ती एकच शब्द बोलली, कुणाला बोलवावं तसा. "ल्यूशस."

बर्डीचं हसणं तिथेच थांबलं. ल्यूशस कोण ते तिला माहीत आहे. चर्चमध्ये दर वर्षी त्याच्या नावाने फुलं असतात. तिने ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला जन्मभर पुरेल. तिने तो लेसचा रुमाल ताईच्या मांडीवर ठेवला.

सिनेमा संपेपर्यंत आम्ही बसलो. उठून गेलो असतो तर लोकांनी विचारलं असतं. बाहेर रेव्हरंड गेन्सनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "काम मिळतंय हे महत्त्वाचं."

चालत घरी आलो. कोपऱ्यावर ताई म्हणाली, "माझाच होता ना तो?"

"हो."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर दिला असतास?"

"नाही."

एवढंच बोललो. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती घरी येऊन कांदा चिरायला बसली.

मंगळवार, २ ऑक्टोबर

कराराचा कागद अजून कपाटावर आहे. सही केलेली नाही. तरी आज बोलावणं आलं म्हणून गेले. नव्या सिनेमात स्वयंपाकीण उंदराला बघते. कागदावर कंसात लिहिलेलं होतं, 'पर्लीसारखं रडते'.

मी म्हटलं, "दुसरं काहीही करते. पडते, धावते, डोळे फिरवते. ते रडणं नाही करणार."

मिस्टर हॅडली नव्हते. त्यांचा हाताखालचा होता, घाईत. म्हणाला, "बाई, बाहेरच्या बाकावर बघितलंत का?"

बघितलं. माझ्यासारख्या पाचसहा जणी बसल्या होत्या. कडेची आमच्या शिकागोच्या कंपनीतली. माझ्या राणीची धाकटी बहीण व्हायची ती. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि एकमेकींना ओळख दिली नाही. तिला आत बोलावलं. मी दाराबाहेर कोट चढवत होते तेव्हा ती रडली ते ऐकू आलं. पडद्यावरून शिकली असेल. चांगली रडली. शेवटी तोडायचं तेही बरोबर तोडलं.

सोमवार, १२ नोव्हेंबर

पॅसाडिनाला मिसेस व्हिटलॉककडे स्वयंपाकाला लागून दहा-बारा दिवस झाले. सिनेमावाल्यांनी पुन्हा बोलावलं नाही, आणि एकदा एकाला नाही म्हटलं की ते सगळ्यांना कळतं. एप्रन तोच, टोपी तीच. फक्त उशा बांधाव्या लागत नाहीत. आणि कुणी 'कट' म्हणत नाही.

बाई वाईट नाही. भाषा कशीही बोलले तरी तिला चालतं. ती ऐकतच नाही.

सोमवार, २६ नोव्हेंबर

आज तिने ओळखलं. मी टेबलावर ताट ठेवत होते. ती काटा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि एकदम किंचाळली, "अगं बाई! तू ती केकवाली!"

नवऱ्याला हाक मारली. दोघं मुलगे जिन्यावरून धावत आले, मोठा ल्यूशसएवढा असेल. मी मध्ये उभी आणि चौघं भोवती. मग तिला कल्पना सुचली. गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाला वीस पाहुणे आहेत. जेवण झाल्यावर मी केक घेऊन यायचं, मुद्दाम करपवलेला, दारात पाडायचा, आणि ते रडणं करायचं. "लोक मरतील हसून! करशील ना? थोडंसं आत्ता करून दाखव ना!"

मी म्हटलं, "ते रडणं माझं नाही, बाईसाहेब. माझ्या बहिणीचं आहे. तिला विचारून सांगते."

तिला तोही विनोद वाटला. हसता हसता म्हणाली, "विचार, विचार! तिलाही घेऊन ये!"

घरी येऊन ताईला सांगितलं. लपवायचं आता काही राहिलं नव्हतं. ताई बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "सांग तिला, येते म्हणावं. आधी तिच्या दोघांतला एक जाऊ दे."

असं बोललेलं मी तिला कधी ऐकलं नव्हतं. टेक्सासमध्येसुद्धा नाही. मला वाटलं आता ती रडेल. पण ती हाताची पाठ ओठांवर दाबून बसली, आणि म्हणाली, "नको. असलं सांगू नकोस. कुणाचंच जाऊ नये. तिचंही नको."

"मग काय सांगू?"

"काय सांगतेस? जाऊच नकोस."

गुरुवार, २९ नोव्हेंबर

गेले नाही. निरोपही पाठवला नाही. आता पॅसाडिनात जेवणं आटोपली असतील आणि पाहुणे दाराकडे बघत बसले असतील.

पुढे काय, माहीत नाही. सिनेमाचं दार बंद झालं, व्हिटलॉकबाईचंही. बर्डी मेह्यूने तिच्या शिवणाच्या दुकानात येतेस का विचारलं आहे. जाईन. आयुष्यभर दुसऱ्यांनी शिवलेले कपडे घालून उभी राहिले. सुई धरता येते का बघू.

आम्ही दोघीच जेवलो. कोंबडी आणि रताळी. जेवण झाल्यावर ताई ताट बाजूला सारून ल्यूशसबद्दल बोलायला लागली. त्याच्या मरणाबद्दल नाही. तो कसा होता त्याबद्दल. काय खायचा, कशावर हसायचा, रागावला की काय करायचा. इतक्या वर्षांत मी यातलं काहीच ऐकलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मला फक्त तो एक आवाज माहीत होता. दोनदा ती मोठ्याने हसली. एकदा त्याची नक्कल करून दाखवली, आणि मी चेहरा दुसरीकडे वळवला, कारण माझे ओठ आपोआप तिच्यासारखे हलायला लागले होते.

ती काय काय बोलली ते इथे लिहीत नाही.